सगळ्यात हलकी सिस्टीम

नांदूरघाटच्या बाजाररस्त्यावर इलियासभाईंचं रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ आता कुणी आणत नाही. मिक्सर येतात, पंखे येतात, विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर येतात. पाटी मात्र अजून रेडिओचीच. ती बदला म्हटलं की इलियासभाई म्हणतात, "लोक काय पाटी वाचून येतेत व्हय?" दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात, पडद्याआड, त्यांची लेक समिना कॉम्प्युटर दुरुस्त करत बसलेली असते.

समिना चौतिशीची. लग्न होऊन परभणीला गेली होती, दोन वर्षांत परत आली. का आली, हे गावानं सहा महिने खोदून खोदून विचारलं, आणि उत्तर मिळेना तेव्हा स्वतःच एक उत्तर ठरवून टाकलं. ती आपली बापाच्या दुकानात येऊन बसली. बिलासाठी घेतलेला कॉम्प्युटर तिनं आधी उघडून बिघडवला, मग मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बघून नीट केला, आणि मग तिला नादच लागला. आता केजपासून मांजरसुंब्याच्या ढाब्यांपर्यंतची बंद पडलेली मशिनं तिच्याकडे येतात. "समिनाकडं नेलं की मशीन उठतंय," असं लोक म्हणतात. हे वाक्य तिला फार आवडायचं. आवडणारच की. लोकांनी तिच्याबद्दल तोंडावर म्हटलेलं तेवढं एकच चांगलं वाक्य होतं.

जुन्या मशिनांवर तिचा फार जीव. दहा वर्षांचा लॅपटॉप रांगायला लागला की बाकीचे दुकानदार 'नवा घ्या' म्हणून मोकळे होतात. समिनाचं म्हणणं वेगळं. मशीन म्हातारं नसतं, त्याच्यावर लादलेली सिस्टीम जड असते. नाकापेक्षा मोती जड झाल्यावर नाकाला कशाला बोल लावता? तिच्या टेबलाच्या खणात तीन पेनड्राइव्ह असायचे, तीन तऱ्हेच्या लिनक्स सिस्टीम भरलेले. त्यांना तिनं थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं ठेवली होती. थोरली देखणी, सगळ्या दागिन्यांनिशी येणारी. मधली बेताची. आणि धाकटी म्हणजे अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली. चित्र नाही, रंग नाही, काळ्या पडद्यावर चार शब्दांची यादी आणि बस्स. पण मरायला टेकलेलं मशीन ती चाळीस सेकंदांत उभं करायची. समिनाची लाडकी कोणती, हे वेगळं सांगायला नको.

दसरा होऊन आठवडा झाला होता. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या होत्या आणि गावात जिकडे तिकडे गाठोडी बांधणं चाललं होतं. त्या गडबडीत करिष्मा दुकानात आली. ही ऊसतोडीला जाणाऱ्या शहादेवची थोरली पोर, एकोणीस वर्षांची, बारावीला वर्गात दुसरी आलेली. ओढणीत गुंडाळून तिनं एक पिटुकला लॅपटॉप आणला होता. शाळेतल्या कौशल्याबाईंनी निवृत्त होताना तो तिला दिला होता.

"आपा, ह्याच्यावर टायपिंग शिकता येईल का?"

"चालू तर होऊ दे आधी," समिना म्हणाली आणि तिनं बटण दाबलं. लॅपटॉप सुरू व्हायला अकरा मिनिटं लागली, आणि तेवढ्यात बॅटरी अर्ध्यावर आली.

करिष्मानं मग सगळं सांगितलं. तिनं मराठी टायपिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरला होता, केजच्या एका क्लासमधून. क्लासवाला म्हणाला होता, सराव घरी करा, परीक्षेला तेवढं या. कौशल्याबाईंचे भाऊ केजला वकील होते आणि सर्टिफिकेट असेल तर ते तिला टायपिस्ट म्हणून ठेवणार होते. परीक्षा गुढीपाडव्यानंतर. मधले पाच महिने मात्र तिला आईबापाबरोबर कारखान्यावर जावं लागणार होतं, कारण वयात आलेल्या पोरीला घरी एकटं कुणी ठेवत नाही.

"आनि न्हाई पास झालीस तर?"

"आण्णा म्हनले, हा एक हंगाम थांबतो. पास झालीस तर तुझ्या मनासारखं करू. न्हाई झालीस तर वैशाखात लगीन." बापाला ती आण्णा म्हणायची. "फुडल्या दसऱ्याला मंग माझा बी कोयता व्हईल."

ऊसतोडीत एकट्या माणसाला कोयता म्हणत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळीचा मुकादम तसंच मोजतो, कारखानाही तसंच मोजतो, आणि म्हणून हंगामाच्या तोंडावर इकडच्या गावांमधून लग्नं घाईघाईनं उरकली जातात. करिष्माच्या वर्गातल्या सहा पोरी अशाच गेल्या होत्या. समिनाला हे सगळं ठाऊक होतं. लहानपणापासून तिनं हेच पाहिलं होतं.

"कोपीवर लाइट हाय का?" तिनं विचारलं. कोपी म्हणजे तोडकऱ्यांची पाचटाची झोपडी.

"न्हाई. कारखान्याच्या वजनकाट्यापशी च्याची टपरी हाय, तिथं चार्जिंग करू देतेत. दिवसातनं एकदा."

"म्हंजे एका चार्जिंगमदी जेवढा चालंल तेवढाच तुझा सराव."

"व्हय."

"दोन दिवसांनी ये," समिना म्हणाली. पैसे किती, हे पोरीनं विचारलं तेव्हा ती तिच्या अंगावर खेकसली.

ते दोन दिवस समिनानं दुसरं काम हातात घेतलं नाही. आधी थोरली टाकून पाहिली. पन्नास मिनिटांत बॅटरी संपली. मधली दीड तास चालली. धाकटी टाकली, तिच्यातलंही जे जे काढता येईल ते काढलं. आवाज काढला, चित्रं दाखवणारं काढलं, इंटरनेटचं काढलं, आणि बॅटरी पावणेतीन तास टिकली. समिना खुर्चीतून उठून टाळ्या पिटायला लागली. इलियासभाई पडदा बाजूला करून बघून गेले.

एकच जागा अडली. मराठी टाइप करायला कीबोर्डची मांडणी निवडायची होती. थोरलीत मराठीचे दोन प्रकार होते, एक साधा आणि एक 'टाइपरायटर' नावाचा. धाकटीत साधाच तेवढा तयार होता. टाइपरायटरवाला पाहिजे असेल तर इंटरनेटवरून वेगळा प्रोग्राम उतरवून घ्यायचा, शिवाय तो सतत मागे चालू राहणार आणि बॅटरीतला अर्धा तास खाणार. समिना विचार करत बसली. खरं तर फार विचार केलाच नाही. टाइपरायटर आता राहिलेत कुठं? तहसीलच्या बाहेर झाडाखाली बसणारा म्हातारासुद्धा लॅपटॉप घेऊन बसायला लागला होता. मेलेल्या यंत्राचं ओझं जित्या मशिनाच्या डोक्यावर कशाला?

"क्लासवाल्याला एक फोन करून इचार की," इलियासभाई स्टार्टरचे स्क्रू पिळता पिळता म्हणाले. "परीक्षेला कसलं लागतंय ते."

"अब्बा, मराठी ती मराठी. अक्षरं काय बदलतेत का?"

"मला काय कळतंय त्यातलं. इचारलं तर काय इज्जत जाणार हाय का?"

इज्जत जाणारच होती. दोन वर्षांपूर्वी समिना त्याच क्लासवाल्याकडे काम मागायला गेली होती. कसलं सर्टिफिकेट आहे, असं त्यानं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर तिला बसही न म्हणता दारातूनच वाटेला लावलं. त्याला फोन करून 'सर, जरा सांगता का' म्हणायचं तिच्या जिवावर आलं. आणि तिला स्वतःला दहा बोटांनी टाइप करता येत नव्हतं. ती मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची, तीही दोन अंगठ्यांनी. टायपिंग हे वेगळंच शास्त्र आहे, त्यात बोटांना जागा पाठ कराव्या लागतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. उंटावरच्या शहाण्याची गोष्ट आपण दुसऱ्याला सांगतो. स्वतः उंटावर बसलोय हे कुणाच्या लक्षात येतं?

तिनं साधी मांडणी ठेवली. उताऱ्यावर घड्याळ लावून वेग मोजणारा एक छोटा प्रोग्राम स्वतः लिहून टाकला. कीबोर्डवरच्या प्रत्येक बटणावर मराठी अक्षराचं बारीक स्टिकर चिकटवलं. करिष्मा आली, लॅपटॉप चाळीस सेकंदांत सुरू झाला, आणि पोरगी बघतच राहिली.

"ह्याच्यात कायीच न्हाई, आपा," ती हसून म्हणाली.

"कायीच न्हाई म्हणूनच चालतंय," समिना म्हणाली. हे वाक्य तिनं पुढं आठ-दहा जणांना ऐकवलं.

चार दिवसांनी टोळी गेली. कारखाना लांब, कोल्हापूरच्या बाजूला. करिष्मा दर रविवारी फोन करायची. आईबाप पहाटे फडात ऊस तोडायला गेले की स्वयंपाक, धुणं, धाकट्या भावाचं बघणं तिच्याकडे. दुपारी वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंड्या रचून त्याच्यावर लॅपटॉप ठेवायचा आणि बॅटरी संपेपर्यंत बडवायचं. डाव्या हाताला काना-मात्रा, उजव्या हाताला अक्षरं. आधी मिनिटाला सहा शब्द. मग अकरा. संक्रांतीच्या रविवारी तिनं एकोणीस सांगितले तेव्हा समिनानं दुकानात साखर वाटली. इलियासभाईंनी चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणाले, "पोरगी कुनाची, पेढे कोन वाटतंय!" पेढे नव्हते, साखर होती, पण ते तसंच म्हणायचे.

"आपा, आता बघावं लागत न्हाई," करिष्मा एकदा फोनवर म्हणाली. "डोळे मिटून मारते. स्टिकरं समदी निघून गेली घामानं, तरी काय अडत न्हाई. काल भाकरी थापताना बी बोटं चालली व्हती माझी. आई म्हनली, खूळ लागलं का?"

"किती झाले?"

"अठ्ठावीस."

पास व्हायला तीस लागत होते. शिवरात्रीच्या सुमारास ती तेहतिसावर गेली. समिनानं आयुष्यात कुणाचं काही बरं केलं होतं तर ते हे, असं तिला त्या दिवसांत वाटायचं, आणि सकाळी दुकान उघडताना ती गुणगुणायची. बापानं हे पुष्कळ वर्षांनी ऐकलं होतं. तो बिचारा स्टोव्हवर चहा टाकून तिच्याकडे पेला सरकवायचा.

त्या वर्षी ऊस लांबला. फड संपता संपेनात, आणि टोळी परत आली ती परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी. शहादेव ट्रॅक्टरवरून सामान उतरवत होता, बायको तापानं फणफणली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी करिष्माला घेऊन समिनाच केजला गेली. जीपमध्ये पोरगी गप्प होती, पण भ्यालेली नव्हती. मांडीवर ठेवलेल्या पिशवीवर तिची बोटं चालली होती. समिना खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिला वाटत होतं, की आपणच परीक्षेला चाललोय.

क्लासच्या बाहेर लिंबाचं झाड होतं. तिथं समिना थांबली. आत बारा-बारा पोरांची तुकडी सोडत होते. करिष्माची तुकडी गेली, अर्ध्या तासानं बाहेर आली. बाकीची पोरं 'तुझं किती, माझं किती' करत होती. करिष्मा सगळ्यांच्या मागून आली आणि झाडाखाली येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आपा, तिथली बटनं येगळी हायेत."

"येगळी म्हंजे?"

"अक्षरं जागंवर न्हाईत. मी मात्रा मारती तर भलतंच अक्षर उठतंय. क मारला तर क येईना. मी सरांना म्हनले, सर, मशीन बिघडलंय. ते म्हनले, बाकीच्यांचं कसं चालतंय? मंग मी एक एक हुडकून मारलं. सात मिनटांत तीन वळी झाल्या. तीन." तिनं समिनाकडे पाहिलं. "असं कसं झालं, आपा?"

समिनाला त्या क्षणी सगळं कळलं. उगाच नंतर कळलं असं म्हणण्यात अर्थ नाही; तिथंच, लिंबाखाली, तिला तो थोरलीतला 'टाइपरायटर' शब्द आठवला. परीक्षा जुन्या टाइपरायटरच्याच मांडणीवर होत होती. यंत्रं भंगारात गेली, पण त्यांची मांडणी सरकारदरबारी तशीच चालू होती. आणि पाच महिने एका पोरीनं उसाच्या पाचटावर बसून, दुपारच्या उन्हात, चुकीच्या जागा बोटांना पाठ करून घेतल्या होत्या. चुकीच्या तरी कशा म्हणायच्या, त्या तिच्या मशिनावर बरोबरच होत्या.

दारात क्लासवाला उभा होता, पुढच्या तुकडीची नावं वाचत. आणि मग तिच्या तोंडातून जे निघालं ते तिनं ठरवून काढलं नव्हतं.

"घाबरली असशील तू," ती म्हणाली. "घाबरल्यावर व्हतं तसं. समदं येगळंच दिसतंय."

"न्हाई आपा, खरंच—"

"पहिल्यांदा व्हतंच असं. माणूस आदल्या दिवशी प्रवासातनं येतं, झोप न्हाई, काय न्हाई. चल, च्या घेऊ."

करिष्मा तिच्याकडे बघत राहिली. आपाला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, हे तिला पक्कं माहीत होतं. आपा म्हणते म्हणजे तसंच असणार. हळूहळू तिची मान खाली गेली. "असंल," ती म्हणाली. चहा तिनं निम्मा टाकला.

घरी येऊन समिनानं थोरली लावली, टाइपरायटरची मांडणी निवडली आणि एक एक बटण दाबून पाहिलं. एखाद-दुसरं सोडलं तर एकही अक्षर जागेवर नव्हतं. तिनं मशीन बंद केलं आणि पडद्याआड बसून रडली. इलियासभाईंनी विचारलं तेव्हा 'डोकं दुखतंय' म्हणाली. बापाला खरं सांगितलं असतं तर तो एवढंच म्हणाला असता, की मी म्हनलो होतो. तेवढंही ऐकायची तिची तयारी नव्हती.

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्याचा परवा झाला. एकदा ती शहादेवच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली. सहा महिन्यांनी परीक्षा पुन्हा असते, तेव्हा बरोबर मांडणी टाकून देऊ, शिकेल पोरगी पुन्हा, असं ती स्वतःला समजावायची. कसं सांगायचं, कोणत्या शब्दांत, हेही तिनं मनात शंभरदा घोळवलं. पण सांगितलं म्हणजे गावभर होणार, 'समिनानं पोरीचं वाटोळं केलं', आणि ते जे एक चांगलं वाक्य होतं ते जाणार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिच्या मुठीत काय होतं ते तिलाच माहीत.

पंधराव्या दिवशी शहादेव दुकानात आला. हातात लग्नाची पत्रिका होती.

"इलियासभाई, पोरीचं जमवलं. धर्मापुरीचं स्थळ हाय. पोरगं निर्व्यसनी हाय, तोडीला चांगलं हाय."

समिना पडदा सारून बाहेर आली. "भाऊ, एवढी घाई कावून केली? परीक्षा पुन्हा असती की."

शहादेव बाकावर बसला. वाळलेला माणूस, हाताच्या कातडीला भेगा. "ताई, मला काय हौस हाय का? मी तिला सोता इचारलं. म्हनलं, पोरी, तू म्हन मला जमतंय, आनि एक हंगाम थांबतो मी. पाव्हणे गेले तर गेले. देवाशपथ सांगतो, असंच म्हनलो." त्यानं गमछानं तोंड पुसलं. "तर तीच म्हनली, आण्णा, माझ्याच्यानं व्हत न्हाई. माझं डोस्कंच चालत न्हाई माणसांत गेल्यावर. मंग मी तरी काय करू?"

इलियासभाईंनी त्याला पाणी दिलं. समिनाला तेव्हाच बोलता आलं असतं. तो समोर बसला होता, पत्रिका वाटायला नुकतीच सुरुवात झाली होती, एका वाक्याचं काम होतं. तिचे ओठ हललेसुद्धा. पण दुकानात स्टार्टर घ्यायला आलेली दोन माणसं उभी होती. ती जाऊ देत, मग सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं. ती माणसं जायच्या आत शहादेवच उठून गेला.

हळदीच्या आदल्या दिवशी मात्र तिला जेवण गेलं नाही. तिनं बापाला सगळं सांगितलं. 'मी म्हनलो होतो' हे इलियासभाईंनी म्हटलं नाही. म्हणाले, "बेटा, हळद लागायच्या आत जा. एकदा हळद लागली का त्या लोकांत लगीन मोडत न्हाईत. पोरीला उंबऱ्याभाईर बी सोडत न्हाईत."

हळद दहाला होती. समिना सातलाच उठली. पण ओढणीला इस्त्री केली, मग ती बदलली, मग पोरीला रिकाम्या हातानं कसं भेटायचं म्हणून बांगड्या घ्यायला थांबली, आणि बांगडीवाल्यानं दुकान उशिरा उघडलं. हे सगळं खरं होतं. ती मुद्दाम थांबली असंही कुणाला म्हणता येणार नाही. शहादेवच्या दारात ती पोचली तेव्हा मांडवात बायकांची गाणी चालू होती, आणि करिष्मा पाटावरून उठून आत, कोपऱ्यात, जरा विसाव्याला बसली होती. तोंडाला, हातांना, पायांना हळद लागली होती. नारळाची अर्धी वाटी आणि उरलेली हळद बाजूला होती.

"आपा, आलात व्हय?" ती हसली. "बसा ना."

समिना तिच्याजवळ जमिनीवर बसली. बाहेर बायका मोठमोठ्यानं गात होत्या, त्यामुळे हळू बोललेलं दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नव्हतं. तिनं घोकून ठेवलेलं सगळं विसरून एका दमात सांगितलं. दोन मांडण्या असतात हे, आपण हलकी निवडली हे, फोन केला नाही हे. "तू घाबरली नव्हतीस, करिष्मा. बटनं खरंच येगळी व्हती."

करिष्मा ऐकत राहिली. मग तिचे डोळे मोठे झाले.

"म्हंजे मी चुकले नव्हते?"

"न्हाई."

"म्हंजे मला येत व्हतं." तिनं हळद लागलेल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "तेहतीस मला येत व्हते, आपा. परीक्षेत बी आले असते."

"आले असते."

हळदीनं पिवळ्या झालेल्या त्या चेहऱ्यावर क्षणभर असा आनंद आला, की जणू निकालच लागला होता आणि ती पास झाली होती. समिनानं तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. आणि तो आनंद बघता बघता तिच्या तोंडावरून गेला.

"हे तुमाला कधी कळलं?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. काल रात्री कळलं, एवढं म्हटलं असतं तरी पोरीनं विश्वास ठेवला असता.

"त्याच दिवशी," समिना म्हणाली. "तिथंच. झाडाखाली."

बाहेर गाणं संपलं. "नवरीला आना गं, आजून मामीची हळद राह्यली," कुणीतरी ओरडलं. करिष्मा जागची हलली नाही.

"आण्णानं मला इचारलं व्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "जमतंय म्हन, म्हनले. थांबतो म्हनले. मीच न्हाई म्हनले, आपा. तुमी म्हनला व्हतात ना, मी घाबरले म्हणून. मंग मला वाटलं, आपलं डोस्कंच तेवढं." ती थांबली. "चुकलं तर चुकलं. ते काय कुनाचं बी चुकतंय. पर त्या दिवशी मला कावून न्हाई सांगितलंत?"

दोन बायका आत आल्या, नवरीच्या दंडाला धरून तिला उठवलं, आणि करिष्मा त्यांच्याबरोबर मांडवात जाऊन पुन्हा पाटावर बसली.